पोटनिवडणूक लागण्याआधी

२६ एप्रिल २०१८ रोजी निवडणूक आयोगाने पालघर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक जाहीर केली. ३ मे रोजी अधिसूचना निघाली. १० मे हा उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, ११ मे रोजी छाननी, १४ मे रोजी माघार, २८ मे रोजी मतदान आणि ३१ मे रोजी मतमोजणी. जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत पस्तीस दिवस.

घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर, तारापूर, बोईसर या पट्ट्यातल्या मतदारांनी या सगळ्यांतली १० मे ही तारीख नीट पाहावी. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की मतदारयादी गोठते. त्यानंतर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवं नाव चढत नाही, दुरुस्ती होत नाही, नाव वगळलंही जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मधल्या २३व्या कलमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय नाव नोंदवण्याचा अर्ज दिला की तो हरकतींसाठी सात दिवस लावून ठेवावा लागतो, मग चौकशी, मग निर्णय. म्हणून अर्ज त्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी द्या, असं निवडणूक कार्यालय सांगतं. २०१८ साली १० मेपासून दहा दिवस मागे गेलं की ३० एप्रिल येतो. निवडणूक जाहीर झाली २६ एप्रिलला, गुरुवारी. शुक्रवारचा एक कामाचा दिवस, मग चौथा शनिवार, रविवार, आणि सोमवारी ३० तारखेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी. ज्यांनी पोटनिवडणुकीची बातमी ऐकून नाव नोंदवायचं ठरवलं, त्यांच्या हाती तहसील कार्यालयाचा एकच दिवस होता. ऑनलाइन अर्ज सुट्टीतही भरता येतो हे खरं, पण रहिवासाचा पुरावाच जुळत नसेल तर मोबाइल काय करणार?

म्हणून पोटनिवडणुकीची तयारी ती जाहीर व्हायच्या आधीच करावी लागते. सार्वत्रिक निवडणुकीची चाहूल वर्षभर आधी लागते. तिच्यासाठी यादीचं पुनरीक्षण होतं, शिबिरं भरतात, शाळांतून फेऱ्या निघतात. पोटनिवडणूक मात्र कुणाच्या निधनाने, राजीनाम्याने किंवा अपात्रतेने येते आणि तिची तारीख आधी कुणालाच ठाऊक नसते.

आपल्या भागाला हे नवं नाही. ऑक्टोबर २०१४च्या विधानसभा निवडणुकीत पालघरमधून शिवसेनेचे कृष्णा घोडा निवडून आले, तेव्हा त्यांच्यात आणि काँग्रेसच्या राजेंद्र गावितांत अवघ्या ५१५ मतांचा फरक होता. मे २०१५ मध्ये घोडांचं निधन झालं आणि १३ फेब्रुवारी २०१६ रोजी पोटनिवडणूक झाली. त्यांचे चिरंजीव अमित घोडा १८,९४८ मतांनी जिंकले. ३० जानेवारी २०१८ रोजी भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचं दिल्लीत निधन झालं आणि दोन-सव्वादोन वर्षांत दुसऱ्यांदा पोटनिवडणूक आली. वनगांनी २०१४ची लोकसभा ५,३३,२०१ मतं मिळवून जिंकली होती. पोटनिवडणुकीत तेच राजेंद्र गावित, आता भाजपचे उमेदवार म्हणून, २,७२,७८२ मतांवर खासदार झाले. शिवसेनेकडून उभे राहिलेले चिंतामण वनगांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा यांना २,४३,२१०, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांना २,२२,८३८, माकपचे किरण गहला यांना ७१,८८७ आणि काँग्रेसचे दामोदर शिंगडा यांना ४७,७१४ मतं पडली. चार वर्षांपूर्वी हरणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला २,९३,६८१ मतं होती, म्हणजे २०१८च्या विजेत्यापेक्षा जास्त. मतदान घटलं आणि लढत पाच जणांत वाटली गेली की विजयाचा उंबरठा इतका खाली येतो. एखाद्या गावाने एकदिलाने बाहेर पडण्याला तेव्हा खरी किंमत येते.

जागा रिकामी झाली की काय मोजायचं

लोकसभेची किंवा विधानसभेची जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी, असं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १५१-अ सांगतं. याला दोन अपवाद आहेत. त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा इतक्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं असेल, तर हे बंधन राहत नाही. वनगा गेले तेव्हा सोळाव्या लोकसभेचे सोळा महिने उरले होते, त्यामुळे पोटनिवडणूक होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ज्याला हे माहीत होतं त्याला नाव तपासायला फेब्रुवारी, मार्च आणि जवळजवळ सगळा एप्रिल मिळाला.

या अपवादांचं काय होतं ते पुण्याने पाहिलं. २९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं, लोकसभेची मुदत वर्षाहून अधिक शिल्लक होती, तरी पोटनिवडणूक लागली नाही. एका मतदाराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी ती तातडीने घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुणेकर खासदाराविना राहिले. अकोला पश्चिममध्ये उलटं घडलं. तिथे जाहीर झालेली विधानसभेची पोटनिवडणूक उरलेला काळ वर्षापेक्षा कमी म्हणून मार्च २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने रद्द केली. तेव्हा आपल्याकडे कधी जागा रिकामी झाली तर रिकामी झाल्याची तारीख आणि सभागृहाची मुदत संपण्याची तारीख, या दोन तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात. पुढचा अंदाज कुणालाही बांधता येतो.

यादीतलं नाव

आपलं नाव यादीत आहेच, असं धरून चालू नये. मागच्या वेळी मतदान केलं म्हणून या वेळी नाव असेल याची हमी नसते. आयोगाच्या संकेतस्थळावर, ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर ओळखपत्राचा नंबर देऊन ते तपासता येतं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी आपल्या मतदान केंद्राच्या बीएलओंना, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, गाठावं. गावात हे बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शाळेतले गुरुजी असतात आणि घराघरांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसते. नाव सापडलं की त्यापुढचा विधानसभा मतदारसंघही पाहा. पालघर तालुका १३० पालघर आणि १३१ बोईसर अशा दोन विधानसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. लोकसभेची पोटनिवडणूक असेल तर डहाणूपासून वसईपर्यंत सहाही विधानसभा क्षेत्रं मतदान करतात. विधानसभेची असेल तर शेजारच्या गावात मतदान आणि आपल्याकडे नाही, असंही होऊ शकतं.

नाव नसेल तर नमुना ६ भरा. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल, ओळखपत्र हरवलं असेल तर नमुना ८. वयाच्या अठरा वर्षांसाठी पूर्वी फक्त १ जानेवारी ही तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे मार्चमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही.

दोन गटांची नावं हटकून राहून जातात, आणि त्यांच्याकडे घरातल्या शहाण्या माणसांनी लक्ष द्यायला हवं. पहिला गट लग्न होऊन आलेल्या सुनांचा. नाव माहेरच्या यादीत, रेशनकार्ड सासरचं, आणि मतदानाच्या दिवशी माहेरी जायला सवड कुणाला? नमुना ८ भरला की नाव इकडे येतं आणि तिकडचं निघतं. दुसरा गट बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, चाळीत किंवा खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगारांचा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, मराठवाडा इथून आलेली ही माणसं वर्षानुवर्षं इथे राहतात. जिथे माणूस सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याला नाव नोंदवता येतं, स्वतःचं घर असावं लागत नाही. मात्र गावाकडची नोंद तशीच ठेवून इथे दुसरी करायची नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने मना आहे आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आचारसंहिता कुणाला अडवते

लोकसभा-विधानसभेची पोटनिवडणूक जाहीर झाली की मतदारसंघ ज्या जिल्ह्यात येतो तिथे आचारसंहिता लागते. मग कार्यालयांतून एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘आचारसंहिता आहे, नंतर या.’ या वाक्यासमोर गप्प बसू नका. आचारसंहिता नव्या घोषणा, नवी भूमिपूजनं, नवी मंजुरी आणि मतदारांना भुलवणारी आश्वासनं अडवते. जे काम प्रत्यक्ष सुरू झालं आहे ते चालू राहतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशन, आधीपासून चालू असलेलं रोजगार हमीचं काम, रुग्णालयातली मदत यांतलं काहीही तिच्यामुळे थांबत नाही. दहावी-बारावीचे निकाल लागण्याच्या दिवसांत आदिवासी किंवा मांगेला मच्छीमार कुटुंबातल्या मुलाचा दाखला ‘नंतर या’मध्ये अडकला तर त्याचा प्रवेश हुकू शकतो. अशा वेळी अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार लेखी मागा. आचारसंहितेचं कोणतं कलम आडवं येतं हे लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक कामं मार्गी लागतात.

मे महिना लग्नसराईचा. पोटनिवडणुकीच्या काळात मनोर, बोईसर, पालघरच्या नाक्यांवर तपासणी पथकं उभी असतात आणि ५०,००० रुपयांवरची रोकड दिसली की चौकशी होते. लग्नाचे, दागिन्यांचे, मासळीच्या व्यवहाराचे पैसे नेत असाल तर बँकेतून काढल्याची नोंद, पावती, लग्नपत्रिका यांपैकी काहीतरी जवळ बाळगा. रक्कम जप्त झाली तर ती सोडवण्यासाठी जिल्हास्तरीय समिती असते. तिच्याकडे अर्ज करायचा असतो, पोलीस ठाण्यात हुज्जत घालून उपयोग नाही. पैसे, दारू, साड्या वाटताना दिसल्या तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटो किंवा चित्रफीत टाकता येते. त्यावर शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते, आणि तक्रारदाराला नाव न सांगताही तक्रार करता येते.

उमेदवाराला काय विचारायचं

२०१८च्या प्रचारात आपल्या किनाऱ्याचे प्रश्न मागे पडले. सत्तेत एकत्र असलेले भाजप आणि शिवसेना एकमेकांविरुद्ध उभे होते आणि सगळा महाराष्ट्र त्यांचं भांडण पाहत होता. वनगांचा वारसा कुणाचा, याभोवती भाषणं फिरली. चिंतामण वनगांबद्दल इथल्या माणसांना वाटणारा आदर खरा होता आणि तो मलाही आहे. पण दिवंगत माणसाबद्दलचं प्रेम आणि पुढच्या वर्षभराचा कारभार या दोन गोष्टी मतदाराने वेगळ्या ठेवायला हव्यात.

पोटनिवडणुकीतून येणाऱ्या प्रतिनिधीचा काळ तोकडा असतो. ३१ मे २०१८ रोजी निवडून आलेल्या खासदाराला १० मार्च २०१९ रोजी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीची आचारसंहिता लागेपर्यंत सव्वानऊ महिने मिळाले. एवढ्या वेळात नवा प्रकल्प उभा राहत नाही. म्हणून ‘काय आणणार?’ हा प्रश्न सोडून ‘अडलेलं काय सोडवणार, आणि कोणत्या महिन्यापर्यंत?’ हा विचारावा. आधीच्या लोकसभा सदस्याच्या स्थानिक विकास निधीतली शिल्लक त्या मतदारसंघाच्या नव्या खासदाराकडे येते. ती किती आहे आणि मंजूर होऊन पडलेली कामं कोणती, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून माहितीच्या अधिकारात आधीच काढून ठेवलं तर उमेदवारासमोर कागद ठेवून बोलता येतं.

प्रश्न योग्य माणसाला विचारणंही तितकंच गरजेचं आहे. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प केंद्राचा. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनातल्या उरलेल्या मागण्या, प्रकल्पालगतच्या घिवलीसारख्या गावांना मिळणाऱ्या सुविधा आणि तिथल्या नोकऱ्या हे विषय खासदाराने दिल्लीत मांडायचे असतात. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण, लोकलच्या फेऱ्या, वाढवण बंदर हेही त्याच्याच पारड्यात. औद्योगिक वसाहत, तिथलं सांडपाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बोईसरचे रस्ते, प्राथमिक आरोग्य केंद्रं हे राज्याचे विषय. विधानसभेच्या पोटनिवडणुकीत ते आमदारकीच्या उमेदवाराला विचारा. नवापूरच्या समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावरून मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. मासेमारांना न्यायाधिकरणाचा उंबरा झिजवावा लागतो, तेव्हा निवडून दिलेल्या माणसाने सभागृहात त्यावर किती वेळा तोंड उघडलं हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

उमेदवाराचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात येतं. पोटनिवडणुकीत उमेदवार थोडे असतात, एका संध्याकाळी सगळी शपथपत्रं वाचून होतात. बचत गटाच्या बैठकीत किंवा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ओट्यावर ती मोठ्याने वाचावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मतदानाचा दिवस

२८ मे हा दिवस किनाऱ्यावर फार घाईचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून शेवटच्या फेऱ्या मारायच्या, होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, सुके बोंबील आणि सुकट पावसाआधी भरून ठेवायची. त्यात एखादी बोट दोन-चार दिवसांसाठी बाहेर गेली तर तिच्यावरचे सगळे खलाशी मतदानाला मुकतात. मतदानाची तारीख महिनाभर आधी कळते. गावातल्या तांडेलांनी आणि बोटमालकांनी त्या दिवसाचा समुद्र गावापुरता बंद ठेवायचं ठरवलं तर कुणा एकट्याचं नुकसान होत नाही.

कारखान्यातल्या कामगारांसाठी १९५१च्या कायद्यात कलम १३५-ब आहे. मतदार असलेल्या कोणत्याही कामगाराला, अगदी रोजंदारीवरच्यालाही, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी लागते. न देणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. दंड नगण्य आहे आणि तो वाढायला हवा, पण हक्क पक्का आहे. ज्या कामातून माणूस हलला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. तिथे राज्य सरकारच्या परिपत्रकाप्रमाणे काही तासांची सवलत मिळते. चोवीस तास चालणाऱ्या रासायनिक आणि पोलाद कारखान्यांत हेच कारण पुढे केलं जातं. तेव्हा कोणत्या पाळीने कधी जायचं हे आठवडाभर आधी लेखी ठरवून घ्या. मुंबईत नोकरी करणाऱ्या पण नाव इथे असलेल्यांनाही ही सुट्टी लागू होते, हे आपल्या साहेबांना सांगा.

८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरूनच मत देता येतं, पण त्यासाठी नमुना १२-डी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. आजीची आठवण मतदानाच्या आदल्या दिवशी झाली तर उशीर झालेला असतो.

केंद्रावर मतदार ओळखपत्र न्या. नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा टपालाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं फोटो ओळखपत्र यांपैकी एक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी ही ओळख म्हणून चालत नाही, तिचा उपयोग फक्त अनुक्रमांक शोधायला. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा, ती देणं केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे.

जमल्यास सकाळी सातलाच जा. २०१८ मध्ये पालघरमध्ये आणि त्याच दिवशी मतदान झालेल्या भंडारा-गोंदियात व्हीव्हीपॅट यंत्रं बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. यंत्रावर थेट जास्त प्रकाश पडणं हे एक कारण आयोगाने सांगितलं, आणि भंडारा-गोंदियातल्या ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान झालं. कडक उन्हात तासभर थांबून घरी गेलेला माणूस पुन्हा येत नाही. सकाळी गेलात तर यंत्र बदलून येईपर्यंत थांबण्याइतका दिवस तुमच्या हाती असतो. मतदान संपण्याच्या वेळी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, कितीही उशीर झाला तरी. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहूनच हला. चुकीचं चिन्ह दिसलं तर लगेच केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी निवेदन घेऊन सर्वांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे, म्हणून खात्री असेल तरच बोला.

‘नोटा’बद्दल खूप विचारणा होते. नोव्हेंबर २०२२च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटाला १२,८०६ मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तरीही निकालावर त्याचा काही परिणाम होत नाही. नोटा पहिला आला तरी त्याच्यामागचा उमेदवारच विजयी ठरतो. आपली नाराजी नोंदवायची तर नोटा आहे, कुणाला पाडायचं तर नाही.

२८ मेच्या संध्याकाळी पालघरमध्ये सुमारे साडेसेहेचाळीस टक्के मतदान झाल्याचं सांगण्यात आलं आणि नंतरचा आकडा त्रेपन्न टक्क्यांवर गेला. शिवसेनेने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. संध्याकाळचा आकडा अंदाजाचा असतो आणि रांगा संपून सगळ्या केंद्रांचे हिशेब आल्यावर तो वाढतो. पण संशय मिटवायला एवढं स्पष्टीकरण पुरत नाही, कागद लागतो. तो कागद म्हणजे नमुना १७ सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहितात आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत देतात. तुम्ही कुठल्याही उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसणार असाल तर यंत्र सील होईपर्यंत उठू नका, ही प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, आणि मतमोजणीच्या दिवशी आपल्या केंद्राच्या यंत्रावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहायला ती मोजणी प्रतिनिधीच्या हाती द्या.